खणाचे घर : एका दोषारोपाची चिकित्सा

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास किल्लारीच्या परिसरात जो भूकंप झाला, त्यात सुमारे आठ ते दहा हजार माणसे दगावली. तेव्हापासून मराठवाड्यातील माळवदाच्या जुन्या घरासंबंधी एक मत रूढ झाले आहे. दगडमातीच्या या घरानेच माणसे मारली, असे ते मत होय. ते निराधार नाही; तथापि ते अपुरे आहे. त्यात घराचा विचार भिंतीपासून सुरू होतो, आणि हे घर तर मुळात लाकडाचे आहे.

नांदेड-लातूरकडे घर मोजतात ते खणांनी. उथळ्यावर खांब, खांबांवर तुळई, तुळयांवर कड्या, कड्यांवर पाट अथवा किलचा, आणि त्यावर पांढऱ्या मातीचा हात-दीड हात जाडीचा थर, अशी ही रचना असते. दोन तुळयांमधील अंतर तो खण. सधन घरात किनवट-माहूरच्या रानातला साग, तर बेताच्या घरात बाभूळ वा लिंब. भिंत या सांगाड्याभोवती येते. ती दोन हात रुंद, पोटात बळद नि देवळ्या बाळगणारी आणि उन्हाळ्यात घर थंड राखणारी; परंतु छपराचा भार बहुतेक ठिकाणी तिच्यावर नसतो.

इंग्लंडातील जुने शेतकरी-घरही असेच खणाखणांनी मोजले जाई, हे साम्य लक्षणीय आहे. केंट परगण्यातील पंधराव्या शतकारंभीचे 'बेलीफ' हे घर पाहावे. त्याची जागा नियोजित जलाशयाखाली जाणार, असे ठरल्यावर १९६० नंतरच्या दशकात त्याचा सांगाडा उकलण्यात आला आणि पुढे तो ससेक्समधील सिंगलटन येथील संग्रहालयात पुन्हा उभारण्यात आला. कुसू आणि साल यांचे सांधे लाकडी खुंट्यांनी पक्के केलेले असल्यामुळेच हे शक्य झाले. चौकटीतील पोकळी कामट्या विणून, त्यांवर चिखल थापून भरलेली. म्हणजे भिंत हलकी, आणि चौकटीला ताठ ठेवणारे तिरपे आधार लाकडाचेच.

आपल्या सुताराने हे तिरपे आधार सहसा घातले नाहीत. भिंत इतकी भक्कम दिसत असता त्यांची गरज त्याला का वाटावी? परंतु ती भिंत दिसे तशी नव्हती. बाहेरचा एक पदर, आतला एक पदर, मध्ये दगडगोट्यांची नि चिखलाची भर. दोन्ही पदरांना सांधणारे आरपार दगड क्वचितच. धक्क्यासरशी पदर सुटले व भिंती ढासळल्या. त्यानंतरच्या पाहणीत अनेक ठिकाणी एक विलक्षण दृश्य आढळले : भिंती पडलेल्या, आणि मातीचे छप्पर डोक्यावर घेऊन खांब तसेच उभे. जिथे तुळया थेट भिंतीवर टेकविल्या होत्या, तिथे मात्र भिंतीपाठोपाठ माळवदही आले.

यावरून लाकडाला सर्वस्वी निर्दोष ठरवणे हा उतावळेपणा होईल. उभ्या राहिलेल्या सांगाड्याखालीही आत कोसळलेल्या दगडांनी माणसे चिरडली. शिवाय गळती थांबवण्यासाठी दर एक-दोन वर्षांनी नवी माती टाकण्याचा प्रघात असे. जुनी खरवडण्याचे कष्ट कोण घेणार? थर वाढत गेला, सांगाड्यावरचे ओझेही वाढत गेले. हा दोष राहणीचा आहे, रचनेचा नव्हे, असा भेद आमच्या लेखनात क्वचितच केलेला आढळतो.

पुढे बावन्न गावे नव्या जागी वसविण्यात आली. आखीव रस्ते आले. पण ढाळज, ओसरी, परसदार ही पायरीपायरीने आत नेणारी योजना बव्हंशी गेली. जी गावे जागीच राहिली, तेथील जुनी घरे सुधारण्यासाठी जे उपाय सुचविले गेले, ते अभ्यासकांनी अवश्य पाहावेत. माळवदावरची माती कमी करावी, भिंतीत आरपार दगड घालावेत, आणि खांब व तुळई जिथे भेटतात त्या कोनात एक तिरपे लाकूड बसवावे. केंटच्या सुताराने तेच सहाशे वर्षांपूर्वी बसविले होते.