डोंगर लहान का होतो?

हुबळीहून गोकर्ण-अंकोल्याच्या देवदर्शनास निघालेल्या प्रवाशाने कलघटगी ओलांडली की मोकळी शेते मागे पडतात आणि झाडीचा मुलूख सुरू होतो. कलघटगी तालुक्यातून वाहणारी बेडती नदीही त्याच दिशेने जाते. यल्लापूरच्या अरण्यात मागोड येथे ती सुमारे 200 मीटर खाली कोसळते आणि पुढे गंगावळी या नावाने समुद्रास मिळते. तिचे खोरे जेनुकल्लु गुड्ड्यावरून पाहावे. डोंगरामागे डोंगर, आणि प्रत्येक रांग आधीच्या रांगेहून फिकी! हे दृश्य पाहून मोबाईल न काढणारा विरळाच.

परंतु घरी परतल्यावर दाखविली जाणारी छायाचित्रे पाहून मन खट्टू होते. डोळ्यांपुढे आकाशाला भिडलेला डोंगर पडद्यावर मुंगीच्या वारुळाएवढा होतो. दोष यंत्राचा की पाहणाऱ्याचा?

माझ्या मते, मुख्यतः लोभाचा. सारे काही एकाच चौकटीत यावे म्हणून आपण सर्वांत रुंद भिंग निवडतो. त्यात पायांजवळची खडी आणि वरचे रिते आकाश यांनाच मोठा वाटा मिळतो; दूरच्या शिखरांना उरते ती मधली एक बारीक पट्टी. त्याच जागी उभे राहून दुप्पट वा तिप्पट जवळ आणणारे भिंग लावले, तर दृश्य अरुंद होते खरे, पण डोंगराला त्याचा मान परत मिळतो.

फोन फिरवून घेतलेल्या लांब चित्राची कथा जरा निराळी. सभोवारचे दृश्य एकसंध मांडण्याची हौस जुनीच. रॉबर्ट बार्कर या चित्रकाराने त्यासाठी 1787 मध्ये एकस्वही मिळविले होते. मात्र बार्करचा प्रेक्षक चित्राच्या मध्यभागी उभा राही. आपण तीच प्रदक्षिणा तळहातावर सपाट अंथरतो, तेव्हा समोरचा सरळ कठडा धनुष्यासारखा वाकतो आणि डोंगराची रांग दोरीएवढी होते. फोन उभा धरून थोडेच फिरवावे, म्हणजे उंची थोडीफार टिकते.

या बाबतीत कलघटगीच्या कारागिरांकडून शिकण्याजोगे आहे. तेथील रंगीत लाकडी पाळणे प्रसिद्ध आहेत. पाळण्याच्या फळीवर कृष्णकथा रंगविणारा चित्रकार सारे गोकुळ एका फळीत कोंबत नाही. तो एक प्रसंग निवडतो. बाकीचे गोकुळ पाहणाऱ्याच्या मनात आपोआप उभे राहते. निवड म्हणजे त्याग, आणि त्यागावाचून कला नाही.

प्रकाशाचेही तसेच. भर दुपारी दूरच्या रांगा धुरकटून एक होतात. सकाळी वा सायंकाळी तिरपे ऊन आले की त्या सुट्या दिसतात. फोन आपणहून सावल्या उजळवतो आणि नेमकी ही खोलीच पुसतो. पडद्यावर बोट ठेवून उजेड किंचित उतरवावा.

कोणी म्हणेल, केवळ आठवणीसाठी काढलेल्या चित्राला एवढी चिकित्सा कशाला? परंतु ज्या वडीलधाऱ्यांना आता घाटाचा प्रवास झेपत नाही, त्यांना ते खोरे दिसणार आहे ते याच चित्रातून. त्यांच्या हाती वारूळ देऊन ‘हा सह्याद्री’ म्हणणे बरे नव्हे. देवळात आपण आधी डोळे भरून मूर्ती पाहतो, मग हात जोडतो. डोंगरापुढेही तोच क्रम असावा: आधी दर्शन, मग चित्र.