छायाचित्रातील मुकी भाषा

जुने कौटुंबिक छायाचित्र समोर ठेवून त्यातील माणसांची आयुष्ये कल्पिण्याचा मोह कथा-कादंबरीकारांना वारंवार होतो. पेहराव, दागिने, मागचा रंगवलेला पडदा यांवरून काळ आणि ऐपत कळते. कोण खुर्चीवर बसले व कोण मागे उभे राहिले यावरून घरातील मानपानही उमगतो. मात्र ही माणसे आपसांत कोणत्या भाषेत बोलत होती, हे छायाचित्र सांगत नाही. वाङ्मयीन कल्पनेची खरी कसोटी येथेच लागते.

या दृष्टीने बंगळूरचे चामराजपेट विचारात घेण्याजोगे आहे. म्हैसूरचे महाराज चामराजेंद्र वडियार यांच्या नावाची ही वसाहत १८९२ मधली. कन्नड साहित्य परिषदेचे स्थानही येथेच. शहाजीराजांच्या जहागिरीपासून या शहराचे मराठीशी नाते आहे. पुढे तंजावरी मराठी घराण्यांतील माणसे म्हैसूरच्या कारभारातही आली, टी. आनंदराव १९०९ ते १९१२ या काळात तेथे दिवाण होते. अशा घराच्या माजघरात मराठी, दाराबाहेर कन्नड आणि कचेरीत इंग्रजी असे. त्या घरातील आजीच्या तोंडी लेखकाने पुणेरी प्रमाण मराठी घातली, की चित्र बोलके होत नाही, खोटे होते.

भाषा हा येथे केवळ स्थानिक रंगाचा प्रश्न नाही. रमाबाई रानडे यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ (१९१०) हे पुस्तक वाचताना जाणवते, की त्यांच्या इंग्रजी शिकण्याने घरातील स्त्रिया किती दुखावल्या होत्या आणि त्याचा जाच रमाबाईंनी किती निमूटपणे सोसला. रानडे कुटुंबाच्या छायाचित्रात हा कलह दिसणे शक्यच नव्हते. तो कळला, कारण तो सोसणाऱ्या स्त्रीने लिहिला.

चामराजपेटेतल्या अनेक भिंतींवरच्या स्त्रियांनी असे काही लिहून ठेवलेले नाही. त्यांच्या वतीने बोलणाऱ्या लेखकावर म्हणूनच अधिक जबाबदारी येते. चार कानडी शब्द पेरल्याने ती पार पडत नाही. कोणती भाषा कोणापुढे बोलायची, कोणती गिळायची, हे त्याला ठाऊक हवे. घरात मराठी बोलणारे द. रा. बेंद्रे कन्नडचे थोर कवी झाले. दोन भाषांचे घर म्हणजे दुभंगलेले घर, हा समज त्यांच्या उदाहरणानेच खोटा ठरतो. तेव्हा अशा छायाचित्रात केवळ विस्थापनाची हळहळ शोधणारी कल्पना अपुरी होय. त्यात मिळवलेलेही पुष्कळ असते.