दूरच्या बेटाचें ज्ञान : एका रूढ मताचें परीक्षण

मराठ्यांस इंग्रजांचा देश ठाऊकच नव्हता व म्हणून राज्य बुडालें, असें लिहिण्याचा प्रघात आहे. हें मत आम्हांस जसेंच्या तसें ग्राह्य वाटत नाहीं.

प्रथम आज्ञापत्र पाहावें. इ. स. १७१५ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनीं सिद्ध केलेल्या या ग्रंथाचा आशय असा, कीं टोपीकर हे इतर सावकारांसारखे नव्हेत. त्यांच्या पाठीशीं त्यांचे राजे आहेत, आरमार व तोफा हें त्यांचें बळ. सबब त्यांस समुद्रतीरीं जागा देऊं नये. धूर पाहून अग्नि ओळखावा तसें हें अनुमान आहे, आणि तें अचूक आहे. परंतु तो राजा कोणाच्या सल्ल्यानें चालतो, याचा उलगडा त्यांत नाहीं.

प्रत्यक्ष पाहणारेही निघाले. १७७५ च्या सुरतेच्या तहानें राघोबादादांनीं साष्टी व आमची वसई इंग्रजांस देऊं केली. पुढें त्यांचे वकील हणमंतराव व मणियार पारशी विलायतेस गेले. १७८१ सालीं एडमंड बर्कनें बीकन्सफील्ड येथें त्यांस आपल्या आचाराप्रमाणें राहण्याची सोय करून दिली. पण त्यांची हकिकत आपणांस वाचावी लागते ती मुख्यतः इंग्रजी कागदांतून!

याच्याशीं जपानची रीत ताडून पाहावी. तेथें नागासाकीस वलंदेजांचें जहाज आलें, कीं वखारवाल्यानें परदेशची वार्ता सांगावी, दुभाष्यांनीं ती उतरून घ्यावी व ती एदोस शोगुनाकडे जावी, असा शिरस्ता होता. १६७३ सालीं इंग्रजांचें जहाज व्यापाराची परवानगी मागावयास आलें, तेव्हां त्यांची राणी पोर्तुगालची राजकन्या आहे हें जपान्यांस आधींच ठाऊक होतें. पोर्तुगीजांस तेथें १६३९ पासून बंदी असल्यामुळें जहाज रिकामें परतलें. त्याच विवाहाच्या १६६१ च्या करारानें वसईशेजारचें मुंबई बेट इंग्रजांच्या पदरीं पडलें होतें.

तात्पर्य, आमच्याकडे अनुमान होतें, प्रत्यक्षही होतें. विलायतेची वार्ता वर्षानुवर्षें टिपून ठेवणारें खातें मात्र नव्हतें. ३१ डिसेंबर १८०२ रोजीं दादांच्याच पुत्रानें, दुसऱ्या बाजीरावानें, वसईस तह केला, तेव्हां पित्याच्या वकिलांनीं पाहिलेलें त्याच्या कितपत उपयोगीं पडलें, याचा विचार अभ्यासकांनींच करावा. संग्राहकांस आमची एवढीच विनंति, कीं या प्रांतींच्या रुमालांत टोपीकर वा विलायत हा शब्द आलेला चिटोराही निरुपयोगी म्हणून टाकूं नये.