नदीला गुण देताना

शाळांच्या विज्ञान प्रदर्शनात 'आमची नदी' हा प्रकल्प हटकून असतो. बाटलीत पाण्याचा नमुना, त्याचा सामू, विरघळलेल्या प्राणवायूचे प्रमाण, जमल्यास एखाद्या प्रयोगशाळेतून करून आणलेला बीओडीचा आकडा आणि शेवटी निष्कर्ष : 'नदी प्रदूषित आहे.' मुलांची मेहनत खरी असते. पण नदीची प्रकृती पाहायला निघालेल्या या प्रकल्पात मासा नसतो, पक्षी नसतो आणि नदीवर जगणारा माणूसही नसतो. तपासले जाते ते फक्त पाणी.

यात मुलांना दोष देता येणार नाही. सरकारी मोजपट्टीही तीच आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ नद्यांचे 'प्रदूषित पट्टे' ठरवते ते बीओडीवरून. पाण्यातील सेंद्रिय घाण कुजवताना सूक्ष्मजीव किती प्राणवायू वापरतात, हे हा आकडा सांगतो. आपल्याकडे नमुना २७ अंश सेल्सिअसला तीन दिवस ठेवून तो काढतात. तो दर लिटरला ३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त भरला की तो पट्टा यादीत जातो. ३० च्या वर गेला तर सर्वांत वाईट वर्गात. मंडळाच्या २०२२ च्या अहवालात देशातील असे ३११ पट्टे होते. त्यांपैकी ५५ महाराष्ट्रातील होते आणि हा आकडा सर्व राज्यांत मोठा होता.

ही मोजपट्टी निरुपयोगी आहे असे आम्ही म्हणत नाही. सांडपाणी कुठे सोडले जाते हे ती नेमके दाखवते आणि दोन नद्यांची तुलना तिच्यामुळे शक्य होते. आमची तक्रार आहे ती एकाच आकड्याला 'नदीचे आरोग्य' म्हणण्याबद्दल. कारखान्यातून आलेले जड धातू बीओडीत दिसत नाहीत. बंधारा घालून माशांची वाट अडवली, पात्रातील वाळू उपसली, तरी हा आकडा चांगलाच राहू शकतो. आणि उन्हाळ्यात ज्या नदीत पाणीच उरत नाही, तिचा नमुना कुठून घेणार? मेलेल्या नदीला या परीक्षेत नापास करता येत नाही.

मग पक्षी मोजावेत काय? जरूर मोजावेत. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते आणि तिचा सगळा भार हौशी निरीक्षकांवर आहे. पण येथेही एक फसगत होते. पुण्यात मुळा-मुठेच्या पात्रात हिवाळ्यात थापट्या बदके आणि शेकाटे मोठ्या संख्येने दिसतात. पक्षी इतके, म्हणजे नदी सुधारली, असा उतावळा अर्थ कोणीही काढील. थापट्याच्या रुंद चोचीला कंगव्यासारखी झालर असते. तिच्यातून पाणी गाळून तो सूक्ष्म जीव खातो. सांडपाण्यामुळे असे जीव मुबलक वाढतात, म्हणून तो तेथे येतो. याउलट कवड्या धीवर हवेत एका जागी पंख फडफडवत खालचा मासा हेरतो. त्याला पाण्यात दिसावे लागते. नदी सुरय वाळूच्या बेटांवर अंडी घालतो. वाळू गेली की त्याचे घरटे गेले. तेव्हा 'एकूण पक्षी ८००' ही नोंद फारसे काही सांगत नाही. काय खाणारे किती आणि कुठे वीण करणारे किती, हे वेगळे मांडले तरच गणनेला अर्थ येतो.

माशांचेही तसेच. जाळे भरून आले म्हणजे नदी सुदृढ असे नाही. चिलापी मूळची आफ्रिकेतील. ती १९५२ मध्ये भारतात आणली गेली. कमी प्राणवायूत ती तग धरते, वर्षातून अनेकदा विते आणि मादी अंडी तोंडात सांभाळते. बिघडलेल्या पाण्यात तीच वाढते. खडकाला चिकटून शेवाळ खरवडणारा मल्या किंवा वाहत्या पाण्यात, गोट्यांच्या तळावर अंडी घालणारा महाशीर तेथे टिकत नाही. वजनाच्या काट्यावर मात्र दोन्ही मासेच.

हा फरक कोणाला कळतो? भोई आणि कोळी यांना तो पिढ्यान्‌पिढ्या कळत आला आहे. सायक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ मध्ये दख्खनच्या माशांची शास्त्रीय वर्णने प्रसिद्ध केली. टॉर खुद्री, गारा मुल्या, हिप्सेलोबार्बस कोलस या आजच्या नावांतील दुसरा शब्द त्याने येथील देशी नावांवरून घेतला आहे. म्हणजे आपल्या मत्स्यशास्त्राच्या पायातच मासेमारांचे ज्ञान आहे. पुण्याच्या माशांची यादी फ्रेझर यांनी १९४२ मध्ये दिली. वाघ आणि घाटे यांनी २००३ मध्ये मुळा-मुठेच्या माशांचा पुन्हा आढावा घेतला. अशा याद्या मोलाच्या आहेत. पण दोन याद्यांच्या मधल्या काळात एखादी जात नेमकी कोणत्या वर्षी दिसेनाशी झाली, हे त्या सांगू शकत नाहीत. ते रोज जाळे टाकणाऱ्याला ठाऊक असते, आणि त्याला कोणी विचारलेले नसते.

विचारण्याची सोय कायद्याने केलेली आहे. २००२ च्या जैविक विविधता कायद्यानुसार गावोगावी लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. या वह्या पुऱ्या करण्यासाठी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली होती. मुदतीसाठी भरलेली वही कपाटात जाते. नदीची प्रकृती कळण्यासाठी तीच वही दरवर्षी पुन्हा उघडावी लागते.

हे काम शाळेला जमण्यासारखे आहे. त्यासाठी मासे पकडण्याची गरज नाही. महिन्यातून एकदा, ठरलेल्या धक्क्यावर, ठरलेल्या वेळी आलेले जाळे पाहावे. आधी मासेमाराने सांगितलेले नाव लिहावे, सोबत छायाचित्र ठेवावे, शास्त्रीय नाव मागाहून जाणकाराकडून घ्यावे. कारण एकच नाव दोन गावांत दोन माशांना असू शकते. जुन्या मोठ्या माशाची आठवण पुराव्यासारखी न घेता आठवण म्हणूनच नोंदवावी. किती वेळ पाहिले हे लिहावे. आणि जे दिसले नाही, त्यापुढे शून्य मांडावे. मुलांना शून्य लिहायची लाज वाटते. पण दहा वर्षांनंतर सर्वांत जास्त बोलणारा आकडा तोच असेल.

वर्षअखेरीस ही नोंद मासेमारांना वाचून दाखवावी. चूक असेल तेथे ते दुरुस्त करतील. ज्यांच्याकडून माहिती घेतली त्यांना ती परत न देणे, हा आजवरच्या अनेक सर्वेक्षणांचा दोष आहे. शाळेने तरी तो गिरवू नये.