मांतेन्याची ‘विजयमाता’ : दाता कोण ?

आंद्रेआ मांतेन्या (मृत्यु इ. स. १५०६) ह्या इटालियन चित्रकाराचा ‘विजयमाता’ हा पट पॅरिस येथील लूव्र संग्रहालयांत आहे. फळापानांच्या मांडवाखालीं कुमारी मेरी बालयेशूसह बसली असून वर पोंवळ्याची फांदी लोंबत आहे. मातेचा उजवा हात, गुडघे टेकलेल्या चिलखतधारी पुरुषावर अभयमुद्रेसारखा पसरलेला आहे. हा पुरुष म्हणजे मांतुआचा अधिपति फ्रांचेस्को गोंझागा. तो हात पटाबाहेर आल्यासारखा भासतो, आणि रसिकांनीं त्याची केलेली स्तुति यथार्थच आहे. परंतु ताम्रपटांत राजाचें नांव आहे एवढ्यावरून द्रव्यही राजाचेंच होतें असें आपण मानीत नाहीं; मग येथेंच कां मानावें ?

इ. स. १४९३ मध्यें दानिएले दा नॉर्सा ह्या यहुदी सावकारानें मांतुआंत एक घर विकत घेतलें. घराच्या भिंतीवर मेरीचें चित्र होतें. तें त्यानें काढविलें, पण ख्रिस्ती धर्माधिकाऱ्यांची रीतसर परवानगी घेऊन काढविलें. तरीही लोक खवळले व १४९५ मध्यें त्याच्या घरावर दगड पडले. त्याच वर्षीं ६ जुलै रोजीं फोर्नोवो येथें फ्रांचेस्कोची फ्रान्सच्या आठव्या चार्ल्सशीं लढाई झाली. चार्ल्स वाट काढून निसटला, सामानसुमान मात्र गमावून बसला. जय आपलाच असें उभयपक्षीं सांगण्यांत आलें. असल्या जयाच्या कृतज्ञतेचा हा पट, आणि त्याचे ११० डुकाट भरावयाचे दानिएलेनें ! पुढें त्याचें घर पाडून त्या जागीं चर्च उठविलें, व ६ जुलै १४९६ रोजीं पट मिरवीत तेथें नेला.

आमच्या मतें सर्व मर्म त्या परवानगींत आहे. अपराध घडला म्हणून दंड झाला असें म्हणावें, तर अपराधास धर्मपीठाचीच संमति होती. मांतेन्याच्या पटांत ह्याची खूण नाहीं. सिंहासनाखालीं आदम व हव्वा कोरलीं आहेत. पैसे देणारा कोठेंच नाहीं.

तो सांपडतो मांतुआच्या सांत आंद्रेआ चर्चमधील, अज्ञात हाताच्या दुसऱ्या पटांत. कारागिरींत हा पट मांतेन्याच्या पासंगासही पुरणार नाहीं. येथेंही मेरीच आहे, शेजारच्या संताच्या हातीं नव्या चर्चची प्रतिकृति आहे, आणि अगदीं तळाशीं नॉर्सा कुटुंबांतील चौघे, पुरुषांच्या अंगावर यहुद्यांस सक्तीचें केलेलें पिवळें चिन्ह. यहुद्यांचा उद्दामपणा मोडला, अशा अर्थाचा लॅटिन लेखही वर आहे. परवानगीचा उल्लेख त्यांतही नाहीं. तथापि खालचे ते चार चेहरे पाहिल्यावांचून वरच्या दर्जाचा पट पुरता वाचतां येत नाहीं. १७९७ मध्यें मांतुआ फ्रेंचांच्या हातीं पडल्यावर मांतेन्याचा पट पॅरिसला गेला. दुसरा मांतुआंतच राहिला. पोथी एका गांवीं आणि तिची पुष्पिका दुसऱ्या गांवीं, अशी ही स्थिति आहे.