‘तेरवं’ : पात्र आणि अपात्र

आमच्या उमेळ्यास, किंबहुना साऱ्या वसईस, पावसाळ्यांत दोन हजार मिलिमीटरांच्या वर पाऊस पडतो. त्यामुळें दुष्काळ म्हटला कीं येथील सुशिक्षित कुटुंबाच्या डोळ्यांपुढें भेगाळलेली जमीन तेवढी उभी राहते. यवतमाळकडेहि सरासरीनें नऊशें मिलिमीटरांच्या आसपास पाऊस होतो, हें पुष्कळांस खरें वाटणार नाहीं. परंतु तेथील कापूस बहुतांशीं कोरडवाहू. पेरणीनंतर तीन आठवडे आभाळ कोरडें राहिलें कीं रोप करपतें, दुबार पेरणीस कर्ज काढावें लागतें, आणि वर्षाची सरासरी मात्र पुढें कागदावर भरून येते. हा दुष्काळ पडद्यावर रंगवितां येत नाहीं; तो घरांत शिरून पाहावा लागतो.

श्री. श्याम पेठकर यांनीं लिहिलेलें व श्री. हरीश इथापे यांनीं बसविलेलें ‘तेरवं’ हें नाटक त्या घरांत शिरतें. तेराव्या दिवसाचा विधि उरकून सोयरे पांगल्यावर जी मागें राहते, तिचें हें नाटक. आणि त्यांत भूमिका करण्यास उभ्या राहिल्या त्या आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या विधवाच. त्यांपैकीं श्रीमती वैशाली येडे यांच्या हस्तें जानेवारी 2019 मध्यें यवतमाळच्या 92 व्या साहित्यसंमेलनाचें उद्घाटन झालें.

येथें टीकाकारापुढें पेंच पडतो. शोक आणि करुण रस एक नव्हेत, असें आपलें शास्त्र सांगतें. जिचा शोक खराच आहे, तिच्या अभिनयाचें गुणदोषविवेचन करावें तरी कसें? कित्येक सज्जन डोळे पुसून मोकळे होतात. आम्हांस ही सहृदयता अपुरी वाटते. 2006 च्या शासननिर्णयान्वयें वारसास एक लाख रुपये मिळावयाचे, त्यांतील 30 हजार हातीं व 70 हजार ठेवींत. पण त्यासाठीं आत्महत्या ‘पात्र’ ठरली पाहिजे. जमिनीची नोंद वा थकित कर्जाचा कागद नसेल, तर मरण ‘अपात्र’! ज्या भाषेंत कचेरी हा शब्द असा वापरते, त्याच भाषेंत रंगभूमीवरील व्यक्तीसहि पात्र म्हणतात. बाई रंगमंचावर येते ती साहाय्याच्या अर्जासह नव्हे, पात्र म्हणून. तिला केवळ दया देणें म्हणजे तिला पुन्हा कचेरीच्या दारांत उभें करणें होय.

बंगालच्या दुष्काळावरील बिजन भट्टाचार्यांचें ‘नबान्न’ 1944 सालीं कलकत्त्यास रंगभूमीवर आलें, तेव्हां शेतकऱ्याचें कुटुंब शहरी नटांनीं उभें केलें होतें. तेथें प्रश्न होता, यांना हें कळलें आहे काय? ‘तेरवं’पुढें तो उलटा होतो : जें कळलेंच आहे, त्यास रूप आलें आहे काय? ‘नबान्न’ नव्या भाताच्या सणापाशीं येऊन थांबतें. ‘तेरवं’ या नांवांत सण नाहीं. दिवस मोजून संपले आहेत, एवढेंच आहे. आम्हांस हें नांव अधिक प्रामाणिक वाटतें.

तथापि एक कसोटी उरते. या भूमिका दुसऱ्यांनीं करून पाहाव्या. वसईच्या एखाद्या हौशी मंडळीनें हें नाटक बसवावें. भातशेतीच्या मुलखांतील मुलीनें वऱ्हाडी बोली घोटावी, आणि जिच्या घरीं कोणी गेलेला नाहीं तिनें तें रितें घर उभें करावें. तेव्हां जें प्रेक्षकांपर्यंत पोंचेल, तें पेठकरांच्या लेखणीचें. आणि जें पोंचणार नाहीं, तें त्या बायांनीं पदरचें घातलेलें होतें, असें समजावें.