मिठाचे स्फटिक आणि थंडीचे श्रेय

हिवाळ्यातल्या उपक्रमांत मिठाचे स्फटिक हमखास असतात. ‘गरम पाण्यात मीठ विरघळवा, निवू द्या, स्फटिक मिळतील,’ अशी कृती अनेकदा दिली जाते. तुरटीला ती लागू पडते, मिठाला नाही. १०० ग्रॅम पाण्यात ०° सेल्सिअसला सुमारे ३६ ग्रॅम मीठ विरघळते, १००° ला सुमारे ३९. म्हणजे निवण्याने फारसे हाती लागत नाही. स्फटिक वाढतात बाष्पीभवनाने. कोकणातले मीठही उन्हावरच पिकते. दुसऱ्या दिवशी भांड्यात काहीच न दिसलेले मूल मात्र ‘माझेच चुकले’ म्हणते. चूक कृतीत असते. गार, संपृक्त द्रावणाचे दोन पेले ठेवा: एक उघडा, एक घट्ट झाकलेला. आठवड्याने कारण मुलांनाच शोधू द्या.